मुख्य दार उघडे आहे

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. त्यामुळे आमच्या खानदानात बंद पडलेली प्रत्येक वस्तू माझ्या नावाने बोंबलते. मिक्सर फिरला नाही, मला फोन. इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला, मला फोन. मी पोरांना लोलक आणि चुंबक शिकवते, त्याचा मिक्सरशी काही संबंध नाही, हे सांगून मी थकले. जेव्हा भावाने पुण्याहून आईच्या घरासाठी चोर पकडायची बिनतारी यंत्रणा पाठवली, त्या वेळी ती त्या घराशी जुळते की नाही हे बघायचं काम कोणाच्या गळ्यात पडणार, याचा कोणी विचारही केला नाही.

आई अकोल्याला एकटी राहायची. तिने जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांतून नर्स म्हणून खेड्यापाड्यांत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर शहराच्या टोकाला एका लेआऊटमध्ये घर बांधलं. टोकाला म्हणजे अगदी टोकाला. तिच्या घरापाशी डांबरी रस्ता संपायचा आणि कापूस सुरू व्हायचा. वडील त्या घराचा स्लॅब टाकण्याआधीच गेले. मी नोकरीमुळे अमरावतीत, भाऊ पुण्यात एका कॉम्प्युटर कंपनीत.

एका मे महिन्यात त्या लेआऊटमध्ये भरदुपारी चोरी झाली. घरातली बाई कूलरसमोर झोपली होती. कूलरच्या घरघराटात चोराने शेजारच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं. जाताना तो कूलरमध्ये पाणीही टाकून गेला, असं लोक सांगत होते. पाण्याचं मला खरं वाटत नाही.

ही बातमी भावाला कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवली. त्याच संध्याकाळी त्याचा आईला व्हिडिओ कॉल. मी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडेच होते. तो म्हणाला, "आई, एक तर तू पुण्याला ये, नाहीतर मी पाठवतो ती सिस्टीम लावून घे. माझ्या मोबाइलवर रोज हिरवं दिसलं पाहिजे. ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी मी येऊन तुला घेऊन जाईन."

"तुह्या मोबाइलात हिरवं दिसलं म्हंजे मी जित्ती हाओ काय?"

"हो," भाऊ म्हणाला. तो सरळ माणूस आहे. पुण्याने त्याची बोली नेली, सरळपणा तेवढा राहिला.

पुण्याचं नाव काढलं की आई विषय बदलायची. एकदा ती त्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती. महिनाभर राहायचं ठरलं होतं, आठवड्यात परत आली. का आलीस विचारलं तर म्हणे, पोट साफ होत नाही. मग दोन-चार दिवसांनी भाजी निवडता निवडता आपणहून बोलली, "तठी दाराले डोया हाय. माणूस बाहीर उभा राह्यते आन् अंदरचे लोकं त्याले त्या डोयातून पाह्यतात. पाहून घेतात, मंग उघडतच नाईत." तिला पुन्हा तिथे नेलं असतं तर ती गेली असती, कारण पोरांना नाही म्हणायची तिची पद्धत नव्हती. पण ती तिथे जगली नसती. हे मला माहीत होतं. भावाला माहीत नव्हतं आणि तिने त्याला ते सांगितलं नसतं. म्हणून ते हिरवं दिसणं गरजेचं होतं.

खोके आले. एका कंपनीचं पॅनल, म्हणजे छोटा पडदा असलेला पांढरा डबा, पोटात सिमकार्ड आणि कानठळ्या बसवणारा भोंगा. बाकी वस्तू दुसऱ्याच कंपनीच्या, कारण त्यांच्यावर सेल होता: दाराचा सेन्सर, खिडकीचा सेन्सर, खोलीत कोणी हललं की कळवणारा सेन्सर, आणि मोबाइलवरून लागणारा बल्ब. पॅनलच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की जोडण्याआधी उपकरणे परस्परांशी सुसंगत असल्याची खात्री करावी. आमच्याकडे लग्नातसुद्धा पत्रिका बघत नाहीत. बुद्धवंदना झाली की झालं. त्यामुळे काही जुळतं का हे आधी बघून घेण्याची आमच्या घराण्यातली ही पहिलीच वेळ होती.

मदतीला जुन्या शहरातला एक दुकानदार आला. मोर्णा नदीच्या पलीकडे त्याचं कॅमेरे, इन्व्हर्टर आणि लग्नाच्या लायटिंगचं दुकान होतं. पन्नाशीचा, अत्तर लावलेला, बोलायला पटाईत. आईला तो आल्या आल्या आपा म्हणाला, आईने त्याला भाई केलं, आणि चहा झाला. मी पुस्तिका उघडून विचारलं की हे सगळं एकमेकांशी जुळतं का.

"बिनवायरचं हाय ना, मॅडम? मंग चलते. सब चलते."

सब चाललं नाही. पॅनल एका लहरीवर कान लावून बसलेलं आणि खिडकीचा सेन्सर दुसऱ्याच लहरीवर बोलत होता, म्हणजे घरातल्या एका रेडिओवर अकोला केंद्र लावायचं आणि दुसऱ्यावर नागपूर. मी हे भाईंना समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि सेन्सर दोनदा टेबलावर आपटला. बल्ब जुळला, पण तो मोबाइलवरून लागायचा तर भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवायला हवं. खोलीतून बाहेर पडताना आईने आयुष्यात बटण चालू ठेवलेलं नव्हतं. ती एकदा आत गेली आणि बल्ब यंत्रणेतून कायमचा बाद झाला.

हललं की कळवणाऱ्या सेन्सरसाठी पुस्तिकेतली जागा म्हणजे समोरच्या भिंतीचा मध्य. तिथे दोन फोटो होते. आई म्हणाली, "थ्या जागी यंत्र नाई लागत." भाईंनी फोटोंकडे पाहिलं, हात जोडले आणि सेन्सर कोपऱ्यात लावला. तेवढ्यात लाइट गेली. पॅनलला बॅटरी होती, म्हणून आम्ही तपासणी चालूच ठेवली. दुपारचे तीन वाजले असतील. भाई खोलीतून इकडून तिकडे गेले. सेन्सरचा लाल ठिपका लागला नाही. हात हलवत गेले. नाही लागला. मग सेन्सरसमोर उभे राहून चक्क उड्या मारायला लागले, अत्तराचा वास घरभर, आणि सेन्सर गप्प.

"मॅडम," ते घाम पुसत म्हणाले, "याले मी दिसूनच नाई राह्यलो."

इथे मात्र मला भौतिकशास्त्र कामी आलं. तो सेन्सर माणूस बघत नाही. माणसाच्या अंगाची ऊब आणि भिंतीची ऊब यातला फरक बघतो. मे महिन्यात दुपारी तीनला अकोल्यात तो फरक उरत नाही. लाइट आली, कूलर लागला, भिंत जरा निवली, तेव्हा भाई पुन्हा दिसू लागले. पण मग कूलरच्या वाऱ्याने हलणारा पडदाही दिसू लागला, आणि पॅनलने पडद्याला चोर ठरवून भोंगा वाजवला. भोंगा ऐकून आईने पहिल्यांदाच त्या डब्याकडे जरा आदराने पाहिलं. "आवाज चांगला हाय," ती म्हणाली. तो सेन्सर आम्ही काढून ठेवला.

राहिला दाराचा सेन्सर. त्याचे दोन तुकडे. एक चौकटीला चिकटवायचा, दुसरा दाराला. दाराच्या तुकड्यात फक्त चुंबक असतो. दार लागलं की चुंबक चौकटीच्या तुकड्याशेजारी येतो आणि पॅनलला कळतं की दार बंद आहे. हा सेन्सर एरवी दाराच्या वरच्या बाजूला लावतात, पण त्याची बॅटरी बदलायला मी स्टुलावर चढणार नाही, असं आईने बजावल्यामुळे भाईंनी तो पार खाली, गुडघ्याच्या उंचीवर लावला. हा सेन्सर पॅनलशी उत्तम जुळला. लहर जुळली, बॅटरी जुळली. आम्ही यंत्रणा चालू करायला बटण दाबलं, तर पडद्यावर अक्षरं आली: मुख्य दार उघडे आहे. कृपया दार बंद करा.

भाईंनी दार लावलं. हिरवा दिवा लागला. आईने जाऊन दार उघडलं. दिवा लाल झाला, भोंगा वाजला.

"आपा, दार बंद ठेवा लागते."

"नाई," आई म्हणाली.

आईचं ते 'नाई' काय होतं, हे भाईंना कळणं शक्य नव्हतं. आमच्या घराचं दार दिवसा कधी लागायचं नाही. रात्री ती कडी लावायची. उन्हाळ्यात तर गच्चीवर शेजारणींसोबत झोपायची आणि तेव्हा खालचं दार नुसतं लोटलेलं असायचं. पॅनलवर 'घरी', 'बाहेर' आणि 'झोप' असे तीन पर्याय होते, गच्चीचा पर्याय नव्हता. पण दिवसा, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत, दार सताड उघडं. उन्हाच्या झळा आल्या तरी उघडं. लोकांना वाटायचं खेड्यातली सवय आहे. सवय नव्हती.

ती शेवटची काही वर्षं ज्या खेड्यात नोकरीला होती, ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. बोंडावर अळी, अळीवर फवारा, फवाऱ्यानंतर पुन्हा अळी. औषधं दरवर्षी जहाल होत गेली. विषबाधा होऊन आलेल्या माणसांचे दोन प्रकार असत. आपणहून प्यायलेल्यांबद्दल पेपरात रोज छापून यायचं. आईकडे दुसरा प्रकार जास्त यायचा, दुसऱ्याच्या शेतात रोजीने फवारा मारणारा माणूस. पाठीवर पंप, तोंडाला काही नाही, कपडे ओले, वारा उलटा. दुपारपर्यंत गरगरायला लागायचं, तोंडाला फेस यायचा. दवाखान्याचा डॉक्टर शहरातून ये-जा करायचा. म्हणून लोक माणसाला थेट सिस्टरच्या क्वार्टरवर आणायचे. आई कपडे काढून अंग साबणाने धुवायची, एका कुशीवर निजवायची, असेल ते इंजेक्शन द्यायची आणि गाडीची सोय करायची.

एक दिवस ती क्वार्टरला कुलूप लावून अकोल्याला गेली. भावाची इंजिनीअरिंगची ॲडमिशन होती. त्या दुपारी एकाला मोटरसायकलवर मधे बसवून आणलं. लोकांनी कुलूप पाहिलं. सिस्टर येईल म्हणून कडुनिंबाखाली थांबले. मग तालुक्याला निघाले. रस्त्यात तो माणूस गेला. त्याची बायको नंतर रक्ताच्या गोळ्या घ्यायला दवाखान्यात आली. एका शब्दाने बोलली नाही, पहिल्यासारखीच सिस्टर म्हणाली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं आई मला एकदाच म्हणाली आणि मला बजावलं की हे भावाला सांगायचं नाही, त्याचं शिक्षण नासेल. मी सांगितलं नाही. तो हल्ली मराठी वाचत नाही, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

तर त्या मे महिन्यात भाई पैसे घेऊन गेले, मी डोक्याला हात लावून बसले, आणि लाल दिवा तसाच. भावाचा फोन आला की हिरवं का दिसत नाही. मी म्हटलं, जुळवणी चालू आहे. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. मी विचारलं, दार उघडं ठेवून यंत्रणा चालू करता येते का? ती म्हणाली, "मॅम, मग सिक्युरिटी कशाची करायची आहे?" मी फोन ठेवला. सुट्टी संपत आली होती. मी आईला म्हटलं, काय करायचं ते तू ठरव, मला अमरावतीला गेलं पाहिजे.

"जाय तू," ती म्हणाली. "पाह्यतो मी."

मी घरी पोचायच्या आत भावाचा मेसेज आला. हिरवं दिसतंय. सोबत टाळ्यांची चित्रं. त्यानंतर रोज हिरवं. तो मला सांगायचा, आई शेवटी दार लावायला शिकली बघ. मला ते पटत नव्हतं, पण मी खोदून विचारलं नाही. मला जरा वाईटही वाटलं. तिने हार मानली असं वाटलं.

पावसाळ्यात मी अकोल्याला गेले. लांबूनच दिसलं, दार सताड उघडं. आत पॅनलवर हिरवा दिवा: सर्व दारे बंद, यंत्रणा सज्ज. मी वाकून चौकटीकडे पाहिलं. दारावरचा चुंबक आईने उपटून काढला होता आणि चौकटीवरच, सेन्सरला अगदी खेटून, पांढऱ्या मायक्रोपोर पट्टीने चिकटवला होता. पट्टीची टोकं व्यवस्थित गोल कापलेली. सलाइनची सुई चिकटवतात तशी. पॅनलच्या दृष्टीने ते दार जन्मभर बंद राहणार होतं.

मी वीस-बावीस वर्षं चुंबक शिकवते आहे. मी त्या पट्टीकडे बघत उभी राहिले, मग आत जाऊन हातपाय धुतले. आईने चहा ठेवला.

"झालं ना हिरवं?" तिने विचारलं.

"झालं," मी म्हटलं. मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

पोळा झाला. फवारणीचे दिवस आले. एका दुपारी मी प्रयोगशाळेत पोरांची प्रॅक्टिकल घेत होते आणि भावाचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "ताई, दार उघडलंय. अलार्म वाजतोय. आई फोन उचलत नाहीये."

ते दार फक्त एकाच रीतीने उघडू शकत होतं, कोणीतरी मायक्रोपोर उपटला तर. हे मला माहीत होतं आणि त्याला सांगता येत नव्हतं. मी आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शेजारचा नंबर मी कधी घेतला नव्हता. माझ्या फोनमध्ये त्या गावातला एकच माणूस होता. मी दुकानदार भाईंना फोन केला आणि पोरांना तसंच सोडून बडनेरा स्टेशन गाठलं.

गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे असताना भाईंचा फोन आला. मागे भोंगा वाजत होता. "मॅडम, आपा घरात नाईत. गल्लीत बी कोनी नाई, सब सुमसाम. दार सताड उघडं हाय. उंबऱ्याजोय पानी सांडलेलं हाय." मग जरा थांबून म्हणाले, "चपला अठीच हाइत त्यायच्या."

आई चपला घातल्याशिवाय अंगणात उतरायची नाही. नर्सच्या नोकरीतली सवय. मी खिडकीशी बसले होते. भावाचे फोन येत होते, मी ते उचलत नव्हते. समोरच्या बाईने मला पाणी दिलं आणि विचारलं की कोण गेलं. मी तिच्यावर ओरडले. मग रडले. मग तिच्याच बाटलीतलं पाणी प्यायले.

अकोल्याला उतरले तेव्हा भाई स्टेशनबाहेर त्यांच्या स्कूटरवर उभे होते. "दवाखान्यात हाइत," ते म्हणाले. "बसा. आपा ठीक हाइत. दुसरंच कोनी हाय."

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर आई बसली होती. अनवाणी, पदर ओला, अंगाला औषधाचा तो वास. शेजारी एक तरुण बाई होती, तिचा हात आईच्या हातात. घरामागच्या शेतात त्या बाईचा नवरा फवारा मारत होता. तो कसाबसा आईच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तिथेच पडला. आईने कपडे काढले, अंगावर पाणी ओतलं, साबण लावला, मग त्याला कुशीवर धरून उंबऱ्यात बसली. फोन आत चार्जिंगला. त्याचं डोकं सोडून उठता येईना. ऊन तापलेलं, लेआऊटची दारं बंद, आत कूलर. ती ओरडली तर कोणाला ऐकू गेलं नाही. तेव्हा तिचं लक्ष गुडघ्याजवळच्या पट्टीकडे गेलं. यंत्रणा सज्ज होतीच. तिने हात लांबवून मायक्रोपोर उपटला.

"तू म्हने, चोर पयतीन," ती मला म्हणाली. "अख्खं लेआऊट पयत आलं पाय. पयले तं समदे मले ओरडाले आले, का हे बंद करा म्हनून. मंग उचलला त्याले आन् ऑटोत टाकला. थे समदे अठीच हाइत, मांगच्या गेटपाशी चहा पिऊन राह्यले."

तो माणूस वाचला. भोंगा भाईंनी शेवटी पॅनलची बॅटरी काढून बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. रात्रभर बसमध्ये झोपला नव्हता. दारात बूट काढायला वाकला आणि चौकटीवर लोंबणारी पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो तसाच वाकलेला राहिला. कॉम्प्युटरवाला माणूस, त्याला समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे मी रोज जे बघत होतो ते खोटं होतं," तो म्हणाला.

"खोटं कायचं? मी तं होतीच ना अंदर."

तो चिडला नाही, त्यापेक्षा वाईट झालं. दिवसभर बॅग दाराजवळ. त्याने दोन तिकिटांची चौकशी केल्याचं मी ऐकलं. आईने ट्रंकेतून स्वेटर काढून उन्हात टाकला. पुण्याला थंडी असते. तो स्वेटर तारेवर बघून मला तिचा आणि त्याचा दोघांचा इतका राग आला की मी मागच्या अंगणात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागले.

संध्याकाळी ती तरुण बाई आली. नवऱ्याला गुंडाळलेली आईची चादर धुऊन, घडी घालून आणली होती. भाऊ दाराशी खुर्ची टाकून बसला होता. त्याने विचारलं, "कोण पाहिजे?" तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उघड्या दारातून सरळ आत गेली, स्वयंपाकघरात आईशेजारी जमिनीवर बसली आणि रडायला लागली. आईने तिला आधी रडू दिलं, मग जेवलीस काय विचारलं, मग ताट वाढलं. भाऊ खुर्चीत वळून हे बघत होता. अंधार पडेपर्यंत तो तिथून हलला नाही.

ती गेल्यावर तो आत आला. "तू पुण्याला येणार नाहीस," तो म्हणाला.

"तू म्हनत असशीन तं येतो ना."

"नाही म्हणत. पण मग निदान जे आहे ते दिसू दे मला."

त्याने पट्टी काढली, चुंबक दारावर होता तिथे पुन्हा बसवला, पॅनलमध्ये बॅटरी टाकली आणि भोंगा बंद करून ठेवला. तो फोन हातात धरून उभा होता. त्यावर लाल अक्षरं: मुख्य दार उघडे आहे.

त्यानंतर त्याला रोज सकाळी लाल दिसायचं. तो ते बघून मग ऑफिसला जायचा. सुरुवातीला कधी वाऱ्याने दार लागायचं आणि त्याच्या फोनवर हिरवं यायचं. तो लगेच फोन करायचा, आई काय झालं? आई म्हणायची, वारा हाय बापू. असं दोन-तीनदा झाल्यावर तिने दाराला वरवंटा लावून ठेवला. मग हिरवं दिसेनासं झालं. दिवस उगवला की लाल, कडी लागली की हिरवं, पुन्हा सकाळी लाल. असं काही वर्षं चाललं. भाऊ मला म्हणायचा, मला आता दुसऱ्या कशाची सवयच राहिली नाही.

दिवाळीनंतरची थंडीची सकाळ होती. मी कॉलेजला निघत होते. भावाचा फोन आला. "ताई, लाल झालं होतं नेहमीच्या वेळी. आता हिरवं झालंय."

"वाऱ्याने लागलं असेल."

"वरवंटा आहे ना दाराला," तो म्हणाला.

 तेवढ्यात माझ्याच फोनवर दुसरा फोन वाजायला लागला. त्या भोंग्याच्या दिवसानंतर मी शेजारच्या वहिनींचा नंबर घेतला होता. त्या म्हणाल्या, "ताई, तुमी निंघा. आई गेल्या. दार उघडून, चहा घेऊन पलंगावर टेकल्या आन् गेल्या. मी दार लोटून घेतलं, कुत्रे येऊन राह्यले होते."

भाऊ पुण्याहून निघाला, मी अमरावतीहून. मी आधी पोचले. अंगण माणसांनी भरलं होतं. लेआऊटचे लोक, शेताकडून आलेले, भाई टोपी हातात घेऊन कुंपणाशी. सगळे बाहेरच उभे. दार लावलेलं असल्यामुळे आत जायचं कसं, हे त्या घरी कोणाला माहीत नव्हतं. मी दार ढकललं. वरवंटा पायाने दाराला लावला. लोक आत येऊ लागले.

मी आईजवळ बसले. थोड्या वेळाने फोन थरथरला. भाऊ अजून रस्त्यात होता. त्याने लिहिलं होतं, "लाल दिसलं. पोचलीस का?"

मी हो म्हणून लिहिलं.